साखर काढली आणि कुल्फीचा दगड झाला

गेल्या मे महिन्यात आठवडाभर घरी गेले होते. बाबांना मधुमेह आहे. दर उन्हाळ्यात आम्ही सगळे कुल्फी खातो आणि बाबा पेपर वाचायचं नाटक करतात. यंदा म्हटलं, मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, एवढं तरी जमायलाच हवं. एक लिटर म्हशीचं दूध निम्म्यावर आटवलं, वेलची-केशर घातलं, गार झाल्यावर साखरेऐवजी सुक्रालोजचे थेंब घातले, साच्यांत ओतलं आणि फ्रीजरला लावलं. गोठवायच्या आधी चाखून पाहिलं होतं. गोडी बरोबर होती. रात्री जेवणानंतर बाबांपुढे वाटी ठेवली. त्यांनी चमचा खुपसला आणि चमचा वाकला.

"छान झालीय गं," बाबा म्हणाले, "फक्त खायची कशी तेवढं सांग."

आईने तिच्या नेहमीच्या कुल्फीचा साचा त्याच फ्रीजरमधून काढला. तिच्या कुल्फीत साखर होती. चमचा सहज आत गेला. तेच दूध, तोच फ्रीजर, तीच रात्र, फरक फक्त साखरेचा. म्हणजे कंट्रोल प्रयोग आईने न सांगता आधीच करून ठेवला होता.

माझा प्रश्न होता, "साखरेशिवाय गोड कसं करायचं?" खरं तर विचारायला हवं होतं, "साखर तिथे काय काय काम करत होती?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बिनसाखरेच्या गोडाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास जवळजवळ पूर्णपणे पहिल्या प्रश्नाचा इतिहास आहे. तो असा का घडला, हे शोधताना मला जे सापडलं ते इथे मांडते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा विषय ठरवायच्या गडबडीत असाल. प्रश्न कसा विचारला जातो आणि कोणत्या उपकरणाने विचारला जातो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

उपकरण इथे जीभ आहे.

मधुमेहाशी जिभेचं नातं जुनं आहे. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'मधुमेह' हे नावच लघवीच्या गोडीवरून पडलंय. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टराने मधुमेही रुग्णाची लघवी आटवली, मागे उरलेला साखरेसारखा पदार्थ चाखला, आणि ती साखरच आहे असं लिहून ठेवलं. पुढे १७९७ मध्ये जॉन रोलो या लष्करी डॉक्टराने मेरेडिथ नावाच्या एका कॅप्टनला मुख्यतः मांस आणि चरबीचा आहार दिला, धान्य-भाजी जवळजवळ बंद केली, आणि लघवीतली साखर कमी झाल्याचं नोंदवलं. आज ज्याला आपण 'लो-कार्ब' म्हणतो, त्याची वैद्यकातली ही सुरुवातीची नोंद. इन्शुलिन यायला अजून सव्वाशे वर्षं होती. तोवर मधुमेही माणसाच्या ताटात गोड पदार्थाला जागाच नव्हती.

ती जागा पहिल्यांदा तयार झाली ती बाल्टिमोरमध्ये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं होतं, आणि तिथल्या रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते आयरा रेमसन. त्यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करायला आला. तो मूळचा साखरेच्या विश्लेषणातला माणूस. एका आयात कंपनीने साखरेची शुद्धता तपासण्यासाठी त्याला बाल्टिमोरला बोलावलं होतं. ते काम आटोपल्यावर तो रेमसनच्या विषयावर, म्हणजे डांबरापासून मिळणाऱ्या टोल्युइनच्या सल्फर असलेल्या संयुगांवर काम करू लागला.

पुढची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संध्याकाळी जेवताना फालबर्गला पाव गोड लागला. त्याने तोंड पुसलं तर रुमाल गोड, पाणी प्यायला तर पेला गोड. हात न धुता जेवायला बसलो हे त्याच्या लक्षात आलं, तो धावत प्रयोगशाळेत गेला आणि टेबलावरचं एकेक भांडं चाखत सुटला. एका भांड्यात सॅकरिन होतं.

गोष्ट छान आहे, पण ती कुठून आली ते बघा. फालबर्ग आणि रेमसन या दोघांच्या नावाने शोधनिबंध आला १८७९ मध्ये. त्यात जेवणाचं टेबल नाही, पाव नाही, रुमाल नाही. पदार्थाच्या इतर गुणधर्मांच्या ओघात तो उसाच्या साखरेपेक्षाही गोड लागतो एवढा उल्लेख आहे, बस. पावाची गोष्ट छापून आली १८८६ मध्ये, 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या फालबर्गच्या मुलाखतीत. मधल्या सात वर्षांत काय झालं? फालबर्ग हॉपकिन्स सोडून गेला होता, त्याने सॅकरिन बनवायच्या पद्धतीची पेटंटं एकट्याच्या नावावर घेतली होती आणि जर्मनीत माग्डेबुर्गजवळ कारखाना उभा राहत होता. ज्याला एकट्याने शोध लावल्याचं सांगायचं आहे, त्याला अशी गोष्ट फार उपयोगी पडते, कारण गोष्टीत जेवणाच्या टेबलावर तो एकटाच असतो.

मी असं म्हणत नाही की गोष्ट खोटी आहे. इतकंच म्हणते की शोधाच्या वेळचा कागद आणि पैसा आल्यानंतरचा कागद, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवेत.

रेमसन चिडले. त्यांना पैसे नको होते, असंच बहुतेक इतिहासकार सांगतात; व्यापाराशी संबंध ठेवणं त्यांना विद्वानाच्या पेशाला न शोभणारं वाटायचं. पण काम कुणाच्या प्रयोगशाळेतलं, विषय कुणाचा, आणि नाव कुणाचं, ही जखम त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली. फालबर्गचं नाव आपल्या नावासोबत घेतलेलंही त्यांना खपत नसे. (आपल्याकडे ही गोष्ट सहसा उलट्या दिशेने घडते. काम विद्यार्थ्याचं आणि नाव गाइडचं. तेव्हा रेमसनबद्दल सहानुभूती वाटताना मला थोडं विचित्रच वाटलं.)

सॅकरिन साखरेच्या ३०० ते ५०० पट गोड. मधुमेहींना ते औषधासारखं मिळू लागलं. पण स्वस्त असल्यामुळे ते सोडा-सरबतांतही घुसलं, आणि साखर कारखानदार बिथरले. जर्मनीत बीटच्या साखरेचा उद्योग एवढा ताकदवान होता की १९०२ च्या कायद्याने सॅकरिनची खुली विक्री बंद करून ते औषधांच्या दुकानापुरतं ठेवलं गेलं. मग स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली. अमेरिकेत अन्नशुद्धतेसाठी लढणारे हार्वी वायली सॅकरिनवर बंदी आणायला निघाले, तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यांच्यावरच उखडले, कारण रूझवेल्टना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिन देत होते. वाद सोडवायला जे तज्ज्ञमंडळ नेमलं त्याचे अध्यक्ष कोण असावेत? आयरा रेमसन.

आता बाल्टिमोर जरा बाजूला ठेवू आणि फ्रान्समध्ये जाऊ, कारण माझी कुल्फी दगड का झाली याचं उत्तर तिथे आहे.

पाण्यात काही विरघळवलं की ते शून्य अंशाच्या खाली गोठतं, हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. १७८८ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन याने मोजून दाखवलं की गोठणबिंदू किती खाली जाणार हे विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणावर ठरतं. १८८२ मध्ये ग्रनोबल इथल्या फ्रान्स्वा-मारी राऊल्ट याने बऱ्याच सेंद्रिय पदार्थांवर हाच प्रयोग केला आणि एक विलक्षण गोष्ट लिहिली: पदार्थ कोणता हे जवळजवळ महत्त्वाचं नाही, रेणू किती आहेत ते महत्त्वाचं. एक किलो पाण्यात एक मोल काहीही विरघळवा, गोठणबिंदू साधारण १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. व्हान्ट हॉफने त्याला सिद्धान्ताची बैठक दिली, आणि १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं.

तारखा बघा. १८७९ ला बाल्टिमोर, १८८२ ला ग्रनोबल. एकीकडे जीभ सांगत होती की चिमूटभर पदार्थ वाटीभर साखरेची जागा घेऊ शकतो. दुसरीकडे थर्मामीटर सांगत होता की थंडीला चवीशी देणंघेणं नाही, ती रेणू मोजते. सॅकरिनला लोकांनी साखरेचा 'पर्याय' म्हटलं तेव्हा तो जिभेपुरता पर्याय होता. चहात तो चालून गेला, कारण चहात साखरेला गोड करण्याशिवाय फारसं काम नसतं.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट भाड्याने आणायचे. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, वर फिरवायची दांडी. बादलीत बर्फ आणि खडे मीठ, डब्यात दूध-साखर. सगळी चुलत-मावस भावंडं पाळीपाळीने दांडी फिरवायची. त्या पॉटमध्ये एकच नियम पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काम करत असतो, हे मला एम.एस्सी. होऊनही कधी सुचलं नव्हतं. बाहेर मिठामुळे बर्फाचं खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत. आत साखरेमुळे सगळं दूध एकदम गोठत नाही. थोडं पाणी गोठलं की उरलेला पाक आणखी दाट होतो, तो गोठायला आणखी थंडी लागते, आणि शेवटी बर्फाच्या बारीक कणांभोवती न गोठलेला दाट पाक उरतो. चमचा आत जातो तो या पाकामुळे.

आता वहीवर गणित करू. एक किलो पाण्यात २०० ग्रॅम साखर. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणजे ०.५८ मोल, गोठणबिंदू उतरला साधारण १.१ अंश. तेवढीच गोडी सुक्रालोजने आणायची तर ते साखरेच्या ६०० पट गोड असल्यामुळे फक्त ०.३३ ग्रॅम लागेल. रेणुभार ३९८. गोठणबिंदू उतरला ०.००१५ अंश. म्हणजे काहीच नाही. दुधातल्या स्वतःच्या लॅक्टोजमुळे आणि क्षारांमुळे अर्धा अंश मिळतो तेवढाच. बाबांचा चमचा वाकणारच होता. हे गणित बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं आहे, आणि मी ते दूध उतू जाऊ नये म्हणून तासभर ढवळत उभी असताना डोक्यातल्या डोक्यात करू शकले असते. केलं नाही, कारण मी चव बघत होते.

सॅकरिननंतरच्या शोधांमध्येही हेच दिसतं. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा हा विद्यार्थी तापावरच्या औषधावर काम करत होता. टेबलावर ठेवलेली सिगारेट तोंडात घातली तर गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर अल्सरच्या औषधाच्या मागे होता. कागद उचलायला बोट चाटलं, ते ॲस्पार्टेम. १९६७ मध्ये जर्मनीत कार्ल क्लाउस यानेही बोटच चाटलं, ते ॲसेसल्फेम. प्रयोगशाळेत खाऊ-पिऊ नका, हे आपल्याला पहिल्या दिवशी सांगतात. या लोकांनी ऐकलं असतं तर डाएट कोला नसता. यातलं एकही पदार्थाच्या घडणीचा विचार करून शोधलेलं नाही, कुणी थर्मामीटर घेऊन साखरेचा पर्याय शोधायला निघालेलं नाही. सगळ्यांचं उपकरण जीभ, आणि जिभेने जे मोजलं तेच सापडलं.

यातल्या एका गोष्टीपाशी मी थोडी जास्त थांबते. सुक्रालोज. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हॉ यांच्या प्रयोगशाळेत, टेट अँड लाइल या साखर कंपनीच्या मदतीने, साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून नवी संयुगं करायचं काम चालू होतं. ते काम करणाऱ्या तरुण संशोधकाचं नाव शशिकांत फडणीस. प्रचलित कथा अशी की हॉ यांनी एक नमुना 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितलं, आणि फडणीसांनी ऐकलं 'टेस्ट' म्हणजे चव घ्यायला. त्यांनी घेतली. आपण मराठीत हे दोन्ही शब्द एकसारखेच लिहितो आणि बोलतो, त्यामुळे ही चूक किती सहज होऊ शकते ते आपल्यालाच जास्त कळेल. ज्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिल क्लोराइड वापरलं जातं तिथली पांढरी पूड जिभेवर ठेवणं हा वेडेपणाच. तुम्ही करू नका.

पण मला कथेपेक्षा त्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये साखरेची गोडी वाढवण्यावरचा निबंध छापून आला, त्यावर दोन नावं आहेत: हॉ आणि फडणीस. चव घेणं हा अपघात होता. त्यानंतर कोणत्या जागेचा हायड्रॉक्सिल काढून क्लोरीन लावला की गोडी वाढते आणि कोणत्या जागेवर लावला की वाढत नाही, हे एकेक संयुग बनवून शोधणं हे काम होतं. सुक्रालोजमध्ये अशा तीन जागा बदललेल्या आहेत. शरीर त्याला साखर म्हणून ओळखत नाही, आणि ते उकळत्या दुधातही टिकतं. (ॲस्पार्टेमचं तसं नाही, फार वेळ तापवलं तर ते मोडतं आणि गोडी जाते. बासुंदीत घालणार असाल तर गार झाल्यावर घाला.) कॅनडाने सुक्रालोजला १९९१ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने १९९८ मध्ये.

घरी परत येते. दुसऱ्या खेपेला मी रेणू मोजायचं ठरवलं. एरिथ्रिटॉल घेतलं. १८४८ मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दगडफुलासारख्या लायकेनमध्ये हा पदार्थ शोधला होता, म्हणजे तो सॅकरिनपेक्षा जुना. पण तो साखरेपेक्षा कमी गोड, साधारण ७० टक्के. त्यामुळे जिभेच्या शर्यतीत त्याला फार काळ कुणी विचारलं नाही. रेणुभार मात्र १२२. २०० ग्रॅम साखरेइतक्या गोडीला २८५ ग्रॅम लागेल, आणि गणिताप्रमाणे गोठणबिंदू चार अंशांहून जास्त उतरेल. मी खूश होऊन आईला सांगितलं, या वेळी लोण्यासारखी होणार.

पहिल्या रात्री बरी झाली. दुसऱ्या दिवशी कुल्फीत वाळू लागली. एरिथ्रिटॉल थंड पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे त्याचे खडे बाहेर पडले. आणि जे बाहेर पडलं ते गोठणबिंदूच्या हिशेबातूनही गेलं. शिवाय विरघळताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून जिभेला पेपरमिंटसारखा गारवा लागतो. केशर-वेलचीच्या कुल्फीत पेपरमिंट! वर एवढ्या प्रमाणात ते पोटाला मानवत नाही, हे बाबांनी दुसऱ्या दिवशी सौम्य शब्दांत सांगितलं.

आणि एक गोष्ट मी या सगळ्यात विसरलेच होते. बिनसाखरेचं म्हणजे कमी कर्बोदकांचं नव्हे. एक लिटर दुधात साधारण ४५ ते ५० ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि दूध कितीही आटवलं तरी ते जात नाही. बाजारातल्या गोड पावडरीच्या पुड्यांतही बऱ्याचदा पदार्थ मिलिग्रॅमांत असतो आणि उरलेलं डेक्स्ट्रोज नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे कर्बोदकच. पाकिटाची मागची बाजू वाचा. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत अशी शिफारस केली, पण ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही असंही त्यातच म्हटलंय. बातम्यांमध्ये दुसरं वाक्य फारसं दिसलं नाही.

तिसऱ्या खेपेला मी फ्रीजरचाच नाद सोडला. गोठवायचंच नसेल तर गोठणबिंदूचा प्रश्न येत नाही. आणि दुधातलं लॅक्टोज कमी करायची रीत आईला माझ्या आधीपासून माहीत होती: दही लावायचं आणि फडक्यात टांगायचं. थोडं लॅक्टोज विरजणातले जिवाणू खातात, बरंचसं पाण्याबरोबर गळून जातं. राहतो तो चक्का.

पण श्रीखंडातही साखरेला दुसरं काम असतंच. पारंपरिक श्रीखंडात चक्क्याइतकी साखर पडते. ती चक्क्यातलं पाणी ओढून विरघळते, आणि घट्ट गोळा सैल, चकचकीत होतो. सुक्रालोजचे थेंब टाकून हे होत नाही, चक्का चक्काच राहतो. ही कसर भरून काढायला चरबी वापरली. जे जमलं ते असं: रात्रभर टांगलेला अर्धा किलो चक्का, १०० ग्रॅम ताजी साय घोटून, मिक्सरमधून पिठीसारखं केलेलं ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल, आणि उरलेली गोडी सुक्रालोजच्या थेंबांनी, एकेक थेंब चाखत. चमचाभर दुधात खललेलं केशर, वेलची, जरा जायफळ, चारोळी. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून दोनदा काढायचं आणि चार तास फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. एरिथ्रिटॉल एवढं कमी असल्यामुळे तिसऱ्या दिवशीही वाळू लागली नाही, आणि पेपरमिंटही नाही.

बाबांनी दोन तासांनी साखर तपासली आणि आकडा त्यांच्या डायरीत लिहिला. डायरीत त्याच्यापुढे नेहमी काय खाल्लं ते लिहायची पद्धत आहे. त्यांनी लिहिलं, "श्रीखंड (प्रयोग ३)". आई म्हणाली, जरा घट्टच झालंय, आमच्या वेळी असं नसायचं. बाबांनी तोवर वाटी परत पुढे केली होती, आणि आईने ती काढून घेतली.